गच्चीवरचा समुद्र

समुद्राच्या पाण्यावर संशोधन करायचं आणि राहायचं बेंगळुरूत, म्हटल्यावर किस्से साचणारच! किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांनी आणलेल्या पाचोळ्याचा अंश विरघळलेला असतो. उन्हाने त्याचं काय होतं, हे आमची लॅब गच्चीवर काचेच्या नळ्या मांडून बघते.

*

पाणी कारवारहून रेल्वेने येतं, काळ्या कापडात गुंडाळलेल्या कॅनमधून. वाटेत ऊन लागलं तर सगळं मुसळ केरात! यशवंतपूरला ऑटोवाल्याने विचारलं, "आत काय?" मी खरं ते सांगितलं. तो कळवळला. "मॅडम, इतक्या लांबून, आणि तेही खारट? टँकरवाल्याचा नंबर देऊ?"

मी घेतला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला उपयोगी पडला.

*

तुलनेसाठी निम्म्या नळ्या फॉइल गुंडाळून अंधारात ठेवतो. एकदा सिक्युरिटीचे मंजुनाथ अण्णा तावातावाने खाली आले. "गच्चीवर एवढे चपातीचे रोल कोण विसरलं? खराब होतील ना!" आणि सगळे फ्रिजमध्ये ठेवून आले होते!

आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, "चला, अंधार तरी पक्का मिळाला."

*

पुण्याहून आलेले एक पाहुणे आभाळाकडे बघून म्हणाले, "काय मस्त ढगाळ वेदर आहे हो तुमच्याकडे!" सरांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

*

त्याला कारण होती आमची निपाणीची गीता. पीएचडीचा शेवटचा प्रयोग राहिलेला, फेलोशिप महिनाअखेरीस संपणार. दिवसभर सलग ऊन हवं आणि दर वेळी मध्येच ढग! पोरगी रडकुंडीला आली होती. आमचाही जीव तुटायचा. सर सर्जापूर रोडवरच्या घरून सकाळीच फोन करायचे, "इकडे ढग आलेत, तिकडे?" गीता म्हणायची, "सर, तितंच थांबवा की त्यास्नी!"

*

शेवटी एकदाचं लख्ख ऊन पडलं. नेमकी तिची आई भेटायला आली होती. गीताला सारखं खाली मशीनपाशी जावं लागे, म्हणून तिने आईला नळ्यांजवळ बसवलं. "आई, कशाचीबी सावली पडू देऊ नको यांच्यावर." माउली डोक्यावर पदर घेऊन बसली.

भर दुपारी सरांना राहवेना. ते स्वतः छत्री घेऊन गच्चीवर गेले आणि आईंच्या डोक्यावर धरून उभे राहिले. "ताई, ऊन लागेल हो तुम्हाला."

आईंनी छत्री हाताने बाजूला सारली.

"मला काय हुतंय? तुमी पैलं सरका बगू सर, माझ्या लेकीच्या उन्हात हुबारलाय!"