पाय चुकवा!

आमचे बँडमास्तर डोळे मिटून कवायत बघायचे. म्हणजे ऐकायचे. अख्खा बँड मैदानावर चालत असला तरी कुणाचा बूट चुकला ते नाव घेऊन सांगायचे, आणि पुढच्याच क्षणी पोटरीवर छडी! माझ्या पोटऱ्यांना ते अजून आठवतं.

मास्तर मूळचे वैरागचे, फौजेच्या बँडमध्ये ड्रम वाजवून निवृत्त झालेले. बँडच्या खोलीत त्यांनी एक चित्र लावलं होतं. त्यात आमच्याच वयाचा एक गोरा पोरगा होता, त्याच्यापेक्षा त्याचा ड्रम मोठा. "दीडशे वर्षांमागं अमेरिकेत यादवी पेटली," ते सांगायचे, "तवा असली पोरं वय खोटं सांगून फौजेत शिरली. ड्रम वाजवत लढाईवर जायची. आन् ड्रम थांबला की काय करायची?"

"सुट्टी!" आम्ही ओरडायचो.

"सुट्टी न्हवं, मुडद्यांनो. जखमी उचलायची. मिसरूड न फुटलेली पोरं!" पोरांना लढाईत नेणाऱ्या मोठ्या माणसांचा त्यांना भयंकर राग होता.

पण जखमी उचलणं प्रत्येकाला यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून सराव संपला की आम्हाला खोटा जखमी उचलायला लागायचा. झेंड्याच्या दोन काठ्या बँडच्या कोटांच्या बाह्यांतून घालायच्या, बटणं लावायची, झाली झोळी. आणि इथं मास्तरांचा कायदा एकदम उलटा. "पाय चुकवा! चौघांचा पाय एकदम पडला तर झोळी झुलती, जखमी वाटंतच जातो." पण छडी खाऊन मुरलेलं पाऊल चुकणार कसं? आमचे पाय आपोआप जुळायचे आणि मास्तर कपाळ बडवून घ्यायचे. "कवायतीत चुकता, आन् हितं चुकत न्हाय व्हय रे?"

आम्ही दहावीत असताना सव्वीस जानेवारीच्या फेरीत, सात रस्ता चौकात, मास्तरांच्या हातातली छडी खाली पडली. ते छाती धरून खालीच बसले. चारी बाजूंनी शाळांच्या फेऱ्या येऊन अडकल्या होत्या. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत होता, पण ती गर्दीपलीकडे जागची हलत नव्हती.

कुणी हुकूम दिला नाही. काठ्या आल्या, कोट निघाले, आम्ही चौघांनी त्यांना उचललं. मी पुढे डावीकडे होतो. "सरका, सरका!" असं ओरडत निघालो, आणि व्हायचं तेच झालं. पावलं जुळली! झोळी पाळण्यासारखी झुलू लागली. मास्तर पांढरेफटक पडले होते, ओठ निळे. मला वाटलं, आता हे आपल्याच हातांत जाणार. मला रडू फुटलं.

तेवढ्यात झोळीतून बारीक आवाज आला, "गाढवांनो... पाय चुकवा की."

मी एक पाऊल मुद्दाम अडखळलो. मागच्यानं लांब ढांग टाकली. झोळी स्थिर झाली, आणि तशीच आम्ही ती भोंग्यापर्यंत नेली.

मास्तर वाचले. दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणाले, "उचललंत लई वाईट. पन पोचवलंत."

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. आम्ही चौघं, आता पोटं सुटलेले, खांदा द्यायला जमलो. मी पुन्हा पुढे डावीकडे. चार पावलं गेलो तोच मागून एक म्हातारे ओरडले, "पाय मिळवा की रे! मिलिटरीतला मानूस हाय!"

आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. चौघंही ढसाढसा रडत होतो, आणि घाटापर्यंत एकाचाही पाय दुसऱ्याशी जुळला नाही.