उभ्या ओळी

टायपिंगच्या बाई उभ्या जन्मात कशाने गोंधळल्या नव्हत्या, त्या घरामागच्या उतारानं गोंधळल्या. स्वयंपाकघराखालची माती दर पावसात वाहून जात होती आणि भिंतीच्या पायाचे दगड उघडे पडले होते. गवंड्यानं स्पष्टच सांगितलं, यंदा माती धरली नाही तर भिंत खचेल. म्हणजे घर सोडून लेकाकडे जायचं. बाईंना ते मरणाहून वाईट वाटत होतं.

उतारावर काय लावावं, यावर ज्याचं त्याचं मत तयार. रोपवाटिकेवाला म्हणाला वाळा, मुळं खोल जातात. शेजारचे डॉक्टर म्हणाले रताळ्याचा वेल, जमीन लगेच झाकतो. लेकानं फोनवर तिसरंच काही सांगितलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे खरं. पण बाईंचं मनच काही बोलेना. शेवटी त्यांनी सगळंच थोडं थोडं आणलं आणि वरून खाली सरळ रेघेत लावलं. वाकडी ओळ त्यांना मुळी खपतच नसे.

त्या ओळींमधून पाणी असं धावलं, की एका पावसात रोपं खाली, धाकट्या जावेच्या अंगणात. जावेशी घराची वाटणी झाल्यापासून अबोला. मागायला कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी बाई दुपारी लवंडून उठल्या, तर रोपं पुन्हा उतारावर. पण भलतीकडेच, तिरपी, विस्कटलेली. आपणच लावली आणि विसरलो की काय? साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच का? बाई घाबरल्या. कुणाला काही न सांगता त्यांनी ती उपटून पुन्हा ओळीत लावली. पाऊस आला, ओळी गेल्या. दोन-चार तिरपी उपटायची राहिली होती, तेवढीच जागची हलली नाहीत. बाईंचं डोकंच चालेना.

पुढच्या दुपारी त्या झोपल्या नाहीत. खिडकीतून पाहतात, तर जाऊ पदर खोचून, चिखलात गुडघे टेकून घमेल्यातली रोपं लावते आहे. बाई तशाच अनवाणी बाहेर आल्या.

“इथं का लावतेस?”

“चढताना जिथं पाय टिकला, तिथं लावलं,” जाऊ वर न बघता म्हणाली. “मला कुठं त्यातलं कळतंय? पण जाऊबाई, तुमची माती माझ्या अंगणात साठतेय. वाटणीत ती मला आली नव्हती.”

इतक्या वर्षांचं सगळं बाईंच्या ओठांवर आलं. रडूच आलं. मग त्या घसरत घसरत खाली उतरल्या, घमेल्यातलं एक रोप उचललं आणि म्हणाल्या, “हे कुठं लावू, सांग.”