आश्रय, आसरा आणि आबासाहेब

मदत मागणारं पत्र आलं की आबासाहेब त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करत आणि तेच पत्र पाकिटात घालून परत पाठवत. उत्तराची ओळसुद्धा लिहीत नसत. एका विद्यार्थ्याने वसतिगृहातून काढल्यामुळे महिनाभर राहायला जागा मागितली होती. त्याच्या ‘कृपाद्रुष्टी’तला ‘द्रु’ खोडून त्यांनी ‘दृ’ केला, खाली वळणदार सही ठोकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “एवढा तरी उपकार करायलाच हवा.”

ते शब्दकोशाचे संपादक होते. मी एम.ए. होऊन रामटेकहून नागपूरला आले, तेव्हा महाल भागातल्या दोन खोल्यांत त्यांचं कार्यालय होतं. आम्ही तिघंच. आबासाहेब, त्यांची सहायक म्हणून मी, आणि शिपाई वामनजी. माझं काम चिठ्ठ्यांवर शब्द लिहायचे, अकारविल्हे लावायचे आणि आबासाहेबांचं बोलणं ऐकून घ्यायचं. यातलं तिसरं सर्वांत अवघड होतं.

विद्वत्ता होती, ती नाकारत नाही. ‘शरण’ या शब्दावर ते तासभर बोलत. “संस्कृतात शरण म्हणजे घर, बाई. आसऱ्याची जागा. मराठीने त्याची काय गत केली बघा! शरण जाणं म्हणजे हार मानणं.” हे सांगताना त्यांचे डोळे पाणावत. शब्दाची झालेली गत त्यांना सहन होत नसे. माणसांच्या बाबतीत त्यांचा असा काही अनुभव मला आला नाही.

आसऱ्यासाठीच्या सगळ्या शब्दांची त्यांनी एक उतरंडच लावली होती. “आसरा मागतात, आश्रय देतात. अभय द्यायला मात्र माणूस मोठा लागतो.” ‘थारा’ त्यांना हलका वाटे. “हा शब्द नकाराशिवाय चालतच नाही. थारा दिला नाही, थारा मिळाला नाही. तो द्यायचा नसतो, हे भाषेनेच ठरवून टाकलंय.” मग स्वतःच्या विनोदावर खुदकन हसत. वामनजी पाण्याचा पेला ठेवताना हे ऐके. त्याचं घर सक्करदऱ्याच्या बाजूला बौद्ध वस्तीत होतं. ‘शरण’ हा शब्द तो रोज सकाळी बुद्धवंदनेत पुन्हा पुन्हा म्हणत असे. आबासाहेबांनी त्याला त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

आम्ही ‘आ’वर काम करत होतो, तो मे महिना होता. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आणि वामनजी दर अर्ध्या तासाने त्यांच्यावर पाणी मारी. दुपारी एकच्या सुमारास ताटी बाजूला सारून एक बाई आत आली. पंचविशीची असेल. डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेला, हातात कापडी पिशवी, तोंड उन्हाने लालबुंद.

“मामा,” ती म्हणाली.

ती कुंदा. आबासाहेबांच्या वारलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी. काटोलला संत्र्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली होती. स्थळ आबासाहेबांनीच पाहिलेलं. तिने पदर सरकवून उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्याचे तीन पट्टे होते. एक जुना, दोन ओले.

“उलथनं तापवून लावलं, मामा. परवा. सासू दारात उभी होती. मी आता परत नाही जाऊन राहिली.”

आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हाताकडे मात्र नीट पाहिलं नाही.

“तुला मी काय शिकवलं होतं? ‘परत जाणार नाही’ म्हणावं. ‘जाऊन राहिली’ काय?”

शपथेवर सांगते, ते हेच बोलले. कुंदाने हात तसाच पुढे धरून ठेवला. तिला वाटलं असावं की पुढे अजून काहीतरी येईल. पुढेही आलं. “हे बघ, सासर हेच स्त्रीचं आश्रयस्थान. मी तुला ठेवून घेतलं तर लोक म्हणतील, मामाने संसार मोडला. माझं नाव आहे या शहरात.”

“मी स्वयंपाक करीन. मागच्या खोलीत पडून राहीन. चार दिवस तरी...”

“चाराचे चाळीस होतात.” त्यांनी हाक मारली. “वामन, हिला ठिकाणावर पोचवून दे. दोनची काटोल गाडी मिळेल.”

मी काय केलं ते सांगायला हवं. मी चिठ्ठ्या नीट लावत बसले. माझी भाड्याची एक खोली होती आणि मालकीण कडक होती, असं मी स्वतःला सांगितलं. मालकिणीला विचारून पाहिलं नव्हतं, हेही आता सांगून टाकते. कुंदा जाताना माझ्याकडे बघून थोडी थांबली. मी मान वर केली नाही. त्या दोघांच्या मागे ताटी पडली आणि आबासाहेब म्हणाले, “हं, पुढचा शब्द.”

संध्याकाळी वामनजी परतला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पोचवलंस?”

“पोचवलं, साहेब.”

तीन आठवड्यांनी कुंदाचा नवरा आपल्या थोरल्या भावाला घेऊन कार्यालयात आला. जाडजूड, पानाने तोंड रंगलेला. बायको कुठे आहे म्हणून ओरडायला लागला. आबासाहेबांचा चेहरा उतरला. “अहो, मी तर तिला त्याच दिवशी परत पाठवलं! या शिपायाला विचारा.”

वामनजी हात पुसत पुढे आला.

“साहेब, तुमी म्हटलं, ठिकाणावर पोचवून दे. मी पोचवलं.”

“कुठे?”

“माह्या घरी.”

आबासाहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता तरी विचारतील की ती कशी आहे, हात बरा झाला का. त्यांनी विचारलं, “तुझ्या घरी? ती तिथे जेवते?”

“जेवते ना. दोन टाइम जेवते. तुमी काहून घाबरून राहिले?”

मग तो नवऱ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही. “तुमाले न्यायची असंन तर चाला, आताच जाऊ. मोहल्ल्यातल्या बाया तुमचीच वाट पाहून राहिल्या. तिचा हात साऱ्याइनं पाहिला हाय.”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मघाचा आरडाओरडा कुठल्या कुठे गेला. “पोलिसात जाऊ,” असं काहीतरी पुटपुटत ते निघाले. पोलिसात गेले नाहीत, सक्करदऱ्याला तर नाहीच नाही.

आबासाहेबांनी वामनजीला त्याच दुपारी काढून टाकलं. कारण काय दिलं? ‘गुन्हेगारास पाठीशी घालणे.’ गुन्हेगार म्हणजे कुंदा. तसं लेखी दिलं, आणि ते पत्र माझ्याकडून लिहवून घेतलं. मी ते लिहिलं. वामनजीने कागदाची घडी खिशात ठेवली आणि जाताना मला म्हणाला, “ताई, मडक्यात पानी भरून ठेवलं हाय.” पुढे त्याला एका छापखान्यात काम मिळालं.

कोशाचा तो खंड दोन वर्षांनी छापायला गेला. मुद्रितं मी तपासत होते. ‘आश्रय’ या शब्दाखाली अर्थ होते, व्युत्पत्ती होती आणि शेवटी वापराचं उदाहरण होतं: ‘मामाने निराधार भाचीला आश्रय दिला.’

मी पेन्सिल घेऊन ते वाक्य खोडलं. मुद्रितं आबासाहेबांकडून परत आली तेव्हा लाल शाईत समासात लिहिलेलं होतं, ‘उदाहरण अर्थवाही आहे. राहू द्यावे.’ मी राहू दिलं. अजून ते तसंच छापलेलं आहे. कुठल्याही मोठ्या वाचनालयात बघायला मिळेल.

तिथे मी आणखी नऊ वर्षं काढली. सोडून जाता आलं असतं, गेले नाही. आबासाहेबांच्या नावामागे त्या काळात दोन पदव्या आणि एक शाल लागली. मुलगा परदेशी, बायको आधीच गेलेली. शेवटच्या आजारपणात त्यांना घरी कुणीतरी सोबतीला हवं होतं. त्यांनी ओळखीच्यांना पत्रं लिहिली. तीही मीच पेटीत टाकली. भाषा निर्दोष होती. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

शोकसभेला हॉल भरला होता. एकाने त्यांना ‘आधारवड’ म्हटलं, दुसऱ्याने ‘शब्दांचा आश्रयदाता’. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून म्हणाले, “ते फार मोठे कोशकार होते,” आणि खाली बसले. अध्यक्षांना वाटलं, माझा कंठ दाटून आला.

तिथून मी सक्करदऱ्याला गेले. तिथे मी अधूनमधून जात असे. कुंदाला कळवायला हवं होतं. वामनजीच्या घरापासून चार दारं पलीकडे तिने खोली घेतली होती. शाळेचे गणवेश शिवायची, हाताखाली दोन मुली होत्या. मी सांगितलं तेव्हा तिने सुईत दोरा ओवून घेतला आणि मग विचारलं, “केव्हा?” मी सांगितलं. “बरं,” ती म्हणाली आणि कॉलरचं कापड यंत्राखाली सरकवलं. तिच्या उजव्या हातावरचे पट्टे आता फिकट झाले होते. वामनजी दारात येऊन उभा होता. त्याला विचारलं, तेराव्याला जाणार का? “नाई,” तो म्हणाला, “मी काहून जाऊ?”

त्याची बायको भागरथाबाई माझ्यासाठी चहा घेऊन आली. इतक्या वर्षांत मी तिला जे विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं. कुंदा पहिल्यांदा तुमच्या दारात आली, तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?

भागरथाबाई गोंधळली. एवढ्या जुन्या गोष्टीत विचारण्यासारखं काय आहे, ते तिला कळेना.

“काय म्हनीन वं?” ती म्हणाली. “ऊन होतं. म्हटलं, अंदर ये.”