लास्लो सर आणि टेबलावरचा फराळ

आईच्या चिवड्यापायी बाबांची केस जवळजवळ गेली होती.

त्या केसचा निवाडा करणारे लास्लो सर काल बुडापेस्टमध्ये वारले. बातमी वाचली आणि ती दिवाळी आठवली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत, अल क्वोजमध्ये बाबांचं खिडक्यांचं वर्कशॉप. एका बड्या कॉन्ट्रॅक्टरने काम करून घेतलं आणि पेमेंटच्या वेळी हात वर केले. प्रकरण आर्बिट्रेशनला, म्हणजे लवादाकडे गेलं.

हरलो तर वर्कशॉप बंद, व्हिसा खलास, अल नहदाचा फ्लॅट सोडून सगळे परत नाशिकला.

निवाडा करायला लास्लो सर आले. तरुणपणी हंगेरीत जज. वरून सांगितलेला निकाल दिला नाही म्हणून खुर्ची गेली. मग वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, पुस्तकं लिहिली. राजवट बदलल्यावर कोर्टाने पुन्हा बोलावलं. हे आमच्या वकिलाने सांगितलं आणि वर म्हणाला, माणूस फार कडक आहे, जपून.

हिअरिंग चालू असतानाच दिवाळी आली.

आईने नेहमीसारखा बाबांच्या कामातल्या सगळ्यांना फराळ पाठवला. कोणाला न विचारता एक डबा ड्रायव्हरबरोबर सरांच्या हॉटेलवरही. परका माणूस, सणाला एकटा, एवढंच तिच्या मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिअरिंगला गेलो, तर डबा टेबलाच्या मधोमध.

मी बाबांच्या फायली घेऊन मागे बसले होते. बाबा पांढरेफटक पडले.

सर म्हणाले, "हे केसमधल्या एका पार्टीच्या घरून आलंय. मी उघडलेलं नाही. दुसऱ्या पार्टीला मी नको असेन, तर आत्ता केस सोडतो."

समोरचे वकील क्लायंटला घेऊन बाहेर गेले. सरांनी केस सोडली असती तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा दम आमच्यात उरला नव्हता. बाबा तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होते.

वकील परत आले. "ऑब्जेक्शन नाही. डबा टेबलावर ठेवणारा माणूस आम्हाला चालेल."

डबा तसाच घरी आला. आई दिवसभर धुसफुसत होती, चिवडाच तर होता म्हणून.

निकाल आमच्या बाजूने लागला. बाबा मला घेऊन सरांचे आभार मानायला गेले.

सरांनी विचारलं, "हरला असतात तर थँक्यू म्हणाला असतात?"

बाबा म्हणाले, "नाही, सर."

"मग आताही नको."

आम्ही तसेच परत आलो. पण राहिलो इथेच. मी इथेच शिकले, वकील झाले.

आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.

आणि सर, आता तुम्ही नको म्हणू शकत नाही.

थँक्यू.