टोपीत पानं धरणारे नाना

हेडीनानांची टोपी देवळात निघत नसे, लग्नाच्या पंगतीत निघत नसे, तहसीलदारापुढेही निघत नसे. लिंबाखाली मेंढीकोटाच्या डावाला बसले की मात्र ती उतरे, उलटी होऊन मांडीवर येई आणि तिच्यात तेरा पानं उभी राहत. आमचा पत्त्यांचा कॅट मुळात एक नव्हताच. हॉटेलवाल्यांकडची, ट्रकवाल्यांकडची, कुणाच्या माळ्यावरची उरलीसुरली पानं जमवून बावन्न भरवली होती. काहींच्या पाठी लाल, काहींच्या निळ्या, किलवरच्या दश्शीच्या पाठीवर तर चक्क विमान. पाठीवरूनच पान ओळखू येई, म्हणून ती टोपीत लपवायची. गुरांचे डॉक्टर टोपी घालत नसत, ते हेल्मेट घेऊन बसत.

वाटणाऱ्याने वर लिंबाकडे बघत पानं वाटायची आणि बाकीच्या तिघांनी डोळे मिटायचे, असाही नियम होता. एखादा फटीतून बघेल, असं मी एकदा म्हणालो. नाना म्हणाले, "बघू दे की. बघून जिंकला तर घरी जाऊन काय सांगनार हाये?" मी हौसेने नवा कोरा कॅट आणला, तो त्यांनी हात न लावता परत पाठवला. नव्या कॅटामागे पैसा येतो आणि पैसा आला की गडी बिघडतो, असं त्यांचं मत. पैसे लावणाऱ्याला त्यांनी बेल्ह्याच्या त्या लिंबाखाली कधी टेकू दिलं नाही.

हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. बेल्ह्याच्या बैलबाजारात नाना उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून सौदे करत. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालू, खाली बैल विकला गेलेला. बाजाराला लागून माझं फोनचं बूथ होतं, म्हणून मी त्यांच्या लेखी कायमचा 'फोनवाले'. बाजार उलगला की डाव बसे. नाना आणि जुन्नरचे टेम्पोवाले कादरभाई हे भिडू, समोर मी आणि डॉक्टर. त्या दोघांची जोडी वीस वर्षांत फुटली नव्हती. चारही दश्श्या नेऊन त्यांनी आमच्यावर इतके कोट चढवले, की डॉक्टर म्हणत, आपण जन्मभर उघडं पडणार नाही.

कादरभाईंनी पान चटकन टाकलं तर त्यांच्याकडे त्या रंगाची आणखी पानं आहेत, जरा थांबून टाकलं तर ते शेवटचं, एवढं नानांना कळे. खाणाखुणा करणं नाना चोरी मानत. पण थांबणं ही खूण नाही, असं ते ठासून सांगत. "मानूस थांबतो, त्याला कोन काय करनार?" आम्हाला ते थांबणं कधी दिसलंच नाही.

पुढे फोनच्या बूथांचा धंदा बसला आणि मी आळेफाट्याला तीन कॉम्प्युटर घेऊन सायबर कॅफे काढला. कादरभाईंचे गुडघे गेले, टेम्पो विकून ते नाशिकला लेकीकडे राहायला गेले. नाना गप्प झाले. ते मला बघवेना. कादरभाईंचा नातू इंजिनीअरिंगला होता, त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटरवरचा मेंढीकोट केला होता. मग दर रविवारी दुपारी, वीज असली तर, नाना आणि मी आळेफाट्याहून, कादरभाई आणि नातू नाशिकहून खेळू लागलो. जोडी तीच राहिली, डॉक्टरांच्या जागी माझा भिडू नातू झाला.

नानांना मशीन पटलं नाही, पण रविवार चुकला नाही. सगळ्या पानांची पाठ एकसारखी बघून त्यांना करमेना. हातात रंग असताना भलतंच पान टाकायला गेलं, तर मशीन ते टाकूच देत नसे. "ह्याच्यात चुकायचीबी सोय न्हाई," ते म्हणत. मला वाटे, बरंच आहे, भांडणं मिटली.

एके रविवारी कादरभाई इस्पिकचं पान टाकायला खूप वेळ थांबले. नानांनी हिशेब केला, गड्याचं इस्पिक संपलं, आता तो हुकमाने मारेल. त्यांनी बिनधास्त इस्पिकची दश्शी सोडली. कादरभाईंकडे इस्पिकची आणखी तीन पानं निघाली. ही चौथी दश्शीही गेली आणि जोडीवर कोट चढला. नानांनी तिथूनच फोन लावला. नेट अडकलं होतं, असं पलीकडून कादरभाई म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. लाइन चांगली चालू होती, तरी मीही नेटवरच ढकललं. उगाच दोघांत वाकडं नको, एवढंच मनात होतं. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

नानांनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "मशीन थांबलं न्हाई, फोनवाले. त्यो थांबला." दुसऱ्या दिवशी जुना कॅट खिशात घालून त्यांनी नाशिकची एसटी धरली.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. लेक आणि नातवाला घेऊन चौघे चटईवर बसले. पहिल्याच हाताला कादरभाईंनी हातात बदाम असताना चौकट टाकली. हुकूम कोणता, हे तीनदा विचारलं. नानांनी तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं. कित्येक महिने गडी विसरत चालला होता आणि मशीन त्याला चुकू देत नव्हतं, म्हणून घरच्यांनासुद्धा पत्ता नव्हता. लेक पानं टाकून आत जाऊन रडली.

त्यानंतर नाना कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. महिन्यातून एकदा नाशिकला जात. चुकीचं पान पडलं तर चौघेही ते बरोबर धरत. दीडेक वर्ष हे चाललं. शेवटच्या खेपेहून आले तेव्हा कॅफेत टेकले, चहा घेतला. मी विचारलं, ओळखलं का त्यांनी?

"न्हाई," नाना म्हणाले. "पानं हातात घेतली, सगळ्यांची तोंडं बघितली आन् मला इचारलं, तुमी कुनाचे भिडू?"

"मग?"

"म्हनलो, तुझाच की. मग त्यानं पान टाकलं."