मामांनी उघडलेला ड्रायर

त्या महिन्यात दोघांनी माझं डोकं उठवलं होतं. एक आमच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर आणि दुसरे माझे सासरे. ड्रायर गप्प बसत नव्हता आणि सासरे बोलायला तयार नव्हते.

सासऱ्यांचं नाव धोंडिराम. मी त्यांना मामा म्हणते. चाळीस वर्षं सोलापुरातल्या यंत्रमागांवर काढली त्यांनी. आधी विणकर होते, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. कारखाना बंद पडला तसे दोघं नवरा-बायको मंद्रूपला गावी जाऊन राहिले. गेल्या पावसाळ्यात सासूबाई, शालनआत्या, वारल्या आणि माझा नवरा रत्नदीप मामांना इथं जुळे सोलापुरात आमच्या भाड्याच्या घरी घेऊन आला. मी नाही म्हटलं नाही. निदान पहिला महिना तरी नाही.

पण सांगायचं तरी किती? ओट्याशी उभी राहून मी सांगणार, "मामा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा हं," आणि आंघोळ करून येते तर सात शिट्ट्या होऊन डाळीचा कोळसा! आणि हे कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. गॅसवाला बेल वाजवून वाजवून दमला आणि भरलेला सिलिंडर परत घेऊन गेला. हे हॉलमध्येच होते! गावाकडून कुणाचा फोन आला की "जयभीम, जयभीम" म्हणायचं आणि फोन लगेच रत्नदीपच्या हातात कोंबायचा. टीव्हीवर कुस्ती बघायची तीही आवाज बंद करून. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी आल्यावर भांडी घासता घासता आपलं गाऱ्हाणं म्हणायचं, तर मागं वळून बघावं आणि मामांच्या तोंडावर तेच हसू. माझ्या तर डोक्यात तिडीक जायची. हसताय काय? मी तुम्हालाच बोलतेय की!

रत्नदीपला म्हटलं तर तो म्हणायचा, "आबांचं पहिल्यापासून तसंच आहे गं. आई बोलायची, आबा मान हलवायचे."

"मग आता आईची नोकरी मी करू का?"

यावर तोही मान हलवायचा. बापाचा गुण, दुसरं काय!

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा त्यात हा ड्रायर. आमचं मशीन साधंच आहे. एका टपात कपडे धुवायचे, मग शेजारच्या टपात, म्हणजे ड्रायरमध्ये, टाकून पिळायचे. आमच्याकडं नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळं सगळ्या आठवड्याची धुणी एका पाण्यात उरकायची असतात. कामाचे कपडे, पोरीचे युनिफॉर्म, आणि सोलापुरात राहतो म्हटल्यावर चादरी आल्याच. कोरडी चादर ठीक आहे, पण ओली सोलापुरी चादर म्हणजे दोन माणसांचं काम. ती मी पिळू कधी, वाळणार कधी? मी आपली ती उचलून ड्रायरमध्ये कोंबायची, झाकण लावायचं आणि चावी फिरवायची.

दिवाळीनंतर त्यानं आवाज काढायला सुरुवात केली. आधी घर्र, मग खडखड, मग धाड धाड धाड, आणि सगळं मशीन मागच्या बाल्कनीत पाय फुटल्यागत चालायला लागायचं. मी त्याच्या अंगावर रेलून उभी राहायची. शप्पथ, पाच मिनिटं मशीन मला नाचवायचं.

खालच्या मजल्यावर घरमालक राहतात, शिवकुमार म्हणून. आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली त्यांच्या आईची, अक्कम्मांची खोली. बाई अंथरुणाला खिळलेल्या. एका पाण्याच्या दिवशी शिवकुमार वर आले. माणूस सभ्य आहे, त्यामुळंच जास्त लागलं.

"मॅडम, आमची अव्वा दचकून उठती बघा. छातीवर हात धरून बसती. दोनदा सांगितलो मी. पुढच्या पाण्याला आवाज आला तर तुम्ही दुसरी खोली बघा. राग मानू नका."

राग कुणावर मानायचा? चार वर्षांत हे तिसरं घर. पोरीची शाळा दोन गल्ल्या सोडून, माझा दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. असं घर परत मिळतंय होय? मेकॅनिकला फोन केला. "निघालोच मॅडम." दुसऱ्या दिवशी केला. "निघालोच मॅडम." तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "निघालात ते कुठं निघालात हो नक्की?" त्यानंतर त्यानं फोन उचलायचंच बंद केलं.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. रत्नदीप आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. समोर हॉलमध्ये कॉटवर मामा बसलेले. त्यांना ऐकू जाऊ नये एवढी माणुसकी मला होती, म्हणून मी आवाज न काढता, नुसती कुजबुजत म्हटलं, "घर सुटायची वेळ आलीय. पाणी, पोरगी, ड्युटी, ते मेलं मशीन, आणि वर यांचं करायचं. दगडाशी बोलल्यासारखं बोलायचं मी दिवसभर. मला होत नाही. त्यांना टेंभुर्णीला धाड, तुझ्या भावाकडं."

रत्नदीपनं मान हलवली. मी समोर बघितलं. मामा आमच्याकडंच बघत होते. हसत मात्र नव्हते. माझ्या मनात आलं, ऐकलं की काय? छे, एवढ्या लांबून कुठलं ऐकू येतंय! शेजारी उभं राहून ओरडलं तरी ज्यांना फरक पडत नाही, त्यांना कुजबूज कुठली कळायला?

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर बाल्कनीत मशीन उलटंपालटं. मागचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला, स्क्रू सगळे माझ्या पोह्याच्या ताटलीत, आणि मामा मांडी घालून आत डोकं खुपसून बसलेले.

"अहो मामा! काय केलंत हे? उद्या पाणी यायचंय! हा काय तुमचा माग आहे? आता मेकॅनिक आला तरी हात लावायचा नाही याला! अहो, मी काय म्हणतेय?"

ढिम्म हलले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी! मी जाऊन खांदा हलवला तेव्हा कुठं मान वर केली.

"आलीस व्हय? बरं झालं. हे वायर लाव जरा. मी सांगितल्याबिगर चावी फिरवू नगं."

वायर त्यांनी आधीच काढून ठेवली होती, एवढं शहाणपण तरी होतं. मशीन त्यांनी सरळ उभं केलं. चारी पायांना हात लावून बघितलं. एक पाय अधांतरी होता, त्याखाली फरशीचा तुकडा सरकवला. मी मनात म्हटलं, हे तर मीही केलं असतं. मग मला रिकामा ड्रायर फिरवायला लावला. घर्र सुरू झालं, थोडी खडखड.

"इथून येतोय बघा!" मी वरून ओरडले. "नाही, तिकडून! आधी नीट कान देऊन ऐका की!"

कान देतील तर मामा कसले! त्यांनी काय करावं? लाकडी मुठीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ दातात धरून डोळे मिटले. मी कपाळावर हात मारून घेतला. घर जायची वेळ आलीय आणि आमचे मामंजी मशीनला चावतायत! एकदा डाव्या अंगाला टेकवलं, एकदा उजव्या, एकदा तळाशी. तळाशी बराच वेळ थांबले. मग हात वर केला. मी चावी बंद केली, वायर काढली.

"मोटर चांगली हाय," ते म्हणाले. "मोटरीखाली तीन स्प्रिंगा असत्यात. त्यातल्या एकीचं रबर फाटलंय. ह्या अंगाला मोटर कलती आन् तळाला बडवती. वर तू ओली चादर एका बाजूला कोंबतीस. मग काय, नाचंलच की ते."

म्हणजे शेवटी खापर माझ्याच डोक्यावर! मी काही बोलायच्या आत ते उठून आपली पिशवी घेऊन आले. तीन महिने ती पिशवी कॉटखाली होती आणि झाडताना ती सरकवून सरकवून मी कंटाळले होते. आत लुगड्याचा एक तुकडा, नट आवळायचे दोन पाने, आणि जाड काळ्या रबराचे तुकडे. मागात आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडं पळतो, तो येऊन आपटला की त्याला थोपवायला हे रबर लावतात म्हणे. कारखाना बंद झाल्यावर माणसं भांडी घेऊन गेली, खुर्च्या घेऊन गेली. आमच्या मामांनी रबर आणलं.

तासभर ते कापत बसले. लावायचं, काढायचं, पुन्हा थोडं कापायचं. मी स्वयंपाक करता करता तिथून बोलतच होते. हे काही टिकायचं नाही, उद्या धाड धाड होणार, शिवकुमार वर येणार, आपण ट्रक बघायचा, सामान भरायचं. मामांचं आपलं कापणं सुरूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नळ आला. बादल्या, पिंपं, हंडे भरले. पहिलं धुणं काढलं आणि सवयीनं ओली चादर ड्रायरमध्ये कोंबायला गेले, तर मामांनी हात धरला. चादर माझ्याकडून काढून घेतली, लांब घडी घातली आणि टपाच्या कडेनं गोल गोल बसवली. बाळाला दुपटं गुंडाळावं तशी. वर प्लास्टिकची चकती दाबली, झाकण लावलं आणि मशीनवर तळहात ठेवून उभे राहिले.

"फिरव."

मी डोळे मिटून चावी फिरवली.

सूं. नुसतं सूं. मागच्या नळीतून पाणी भळभळ मोरीत पडत होतं, त्याचाच आवाज जास्त. मी डोळे उघडले. मशीन जागच्या जागी. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. चावी आपोआप टक् करून शून्यावर आली.

मी कठड्यावरून वाकून बघितलं. शिवकुमार अंगणात बादली भरत होते. त्यांनी वर बघितलं.

"काय मॅडम, आज मशीन लावलं नाही?"

"लावलं की!" मी एवढ्या जोरात ओरडले की अक्कम्मा आता माझ्याच आवाजानं दचकल्या असतील. "लावलं, पिळून पण झालं!"

आनंदानं वळले तर मामांचा तळहात अजून मशीनवरच, आणि नजर माझ्या तोंडावर.

"थांबला का गं आवाज?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला कळलं नाही?"

"हाताला कळतंय, दाताला कळतंय. पर तुमाला किती ऐकू येत हुता, खाली किती जात हुता, ते मला कसं कळावं?" त्यांनी कानाला बोट लावलं आणि नकारार्थी हलवलं. "हे गेल्यालं हायत. लई वर्सं झाली. शंभर माग एकदम चालत्यात तितं कोन कुनाचं ऐकतंय? तोंडाकडं बघायचं, व्हट वाचायचे. समदे तसंच बोलायचो. शालनला म्हाईत हुतं. बाकी कुनाला सांगितलं न्हाय. बहिरा म्हटल्यावर कामाला कोन ठेवतंय?"

कुकरच्या शिट्ट्या. गॅसवाला. टीव्ही. फोन. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, आणि माझी मलाच अशी लाज वाटली म्हणून सांगू! दिवसभर दवाखान्यात पेशंटना "काय होतंय?" विचारते, आणि घरात तीन महिने एकदा विचारलं नाही. पण खरं सांगते, लाजेबरोबर थोडं हायसंही वाटलं. ओट्याशी उभी राहून, पाठ करून मी काय काय बोलले होते! त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं.

"मग मामा, मी एवढं बोलायची ते..."

"न्हाय कळलं. पाठमोरी असलीस की मला काय कळत न्हाय. बोलतीयस एवढं कळायचं, खांदं हालत्यात तुजं." ते हसले. मग मशीनवरचा हात काढून धोतराला पुसला. "त्या दिशी रत्नूला दारात सांगितलंस, तेवढं कळलं. तोंड माज्याकडं हुतं."

मी खाली बघितलं.

"राग न्हाय बाय. मशीन तेवढं करून जावं म्हटलं. आता घर सुटत न्हाय तुमचं. टेंभुर्णीला कवा निगायचं तेवढं सांग, म्हंजे पिशवी भरतो."

मी, जिची जीभ कधी टाळ्याला लागत नाही, तिचा आवाजच बसला. पण या माणसाशी बोलायला आवाज लागत नव्हता. मी त्यांच्या समोर उजेडात उभी राहिले आणि नुसते ओठ हलवून म्हटलं, "कुठं जायचं नाही."

त्यांनी ते नीट बघितलं. वाचून झाल्यावरही थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मी आणखी काही बोलतेय का म्हणून.

"बरं," ते म्हणाले. "मग ती दुसरी चादर आन. आन् घडी घालून आन, कोंबू नगं."