गवताला छत्री

मॅडम खुर्चीच्या कडेवर बसत. पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही. चहा अर्धा ठेवून त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "चल, वर काय झालंय बघून येऊ." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. दुसऱ्याच्या घरी बसली तरी निम्मं लक्ष दाराकडे.

त्या रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. 'वर' म्हणजे जवळच्या अष्टमी गावाबाहेरचा गवताळ उतार. तिथे त्यांनी मीटरभराचे चौकोन आखले होते. निम्म्या चौकोनांवर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याचं छप्पर, निम्मे उघडे. पाऊस कमी झाला तर कुठलं गवत टिकतं आणि कुठलं जातं, हे त्यांना बघायचं होतं.

उतार एका म्हाताऱ्या काकीचा. ती तिथलं गवत कापून गोठेवाल्यांना विकायची. भर जुलैत ती छपरं बघायला वर आली.

"गो बाय, कोकणात पावसाला तोटा हाय का? गवतावर छत्री कशाला धरतेस?"

"पुढं तोटा झाला तर काय होईल, ते आत्ता बघते, काकी."

"मग माझंपण बघ. मी अजून किती वर्षं हाय ते."

मॅडम हसल्या आणि लगेच गुडघे टेकून काड्या मोजायला लागल्या. त्या गवतांपैकी मारवेल मऊ, गुरांच्या आवडीचं. कुसळी मात्र टोचरी. मॅडमच्या साडीचे काठ कुसळांनी भरलेले असायचे. स्टाफरूममध्ये त्या ती उपटून शेजारच्या सरांच्या उत्तरपत्रिकांवर ओळीने मांडत. सर बिचारे कुसळं बाजूला सारून मार्क द्यायचे.

दरवर्षी छपराखालचं मारवेल विरळ होत गेलं, कुसळी वाढली. सगळे म्हणत, आता निष्कर्ष लिहून टाका. "घाईनं बोलू नये," मॅडम म्हणायच्या. एरवी प्रत्येक गोष्टीत घाई करणारी बाई.

चौथ्या वर्षी ऑगस्टात पाऊस आठवडेच्या आठवडे गायब झाला. उतारावर एप्रिलसारखी झळ. मॅडमनी उघडे चौकोन मोजले. पुन्हा मोजले. मग मला मोजायला लावले. मारवेल तिथंही कमी झालं होतं. मॅडम तशाच मातीत बसल्या.

"बाहेरपण छपराखालच्यासारखंच व्हायला लागलं रे."

"मग प्रयोग फुकट गेला?"

"फुकट गेला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी काकीकडे जाऊन हे सांगितलं. काकीला आश्चर्य वाटलं नाही. "गोठेवाला दोन वर्षं भारे परत पाठवतोय. गुरांच्या तोंडाला टोचतं म्हणतो."

"मला सांगितलं का नाय?"

"तू विचारलंस कुठं? तू खाली मान घालून मोजत होतीस."

त्यानंतर पंधरा दिवस मॅडमना चैन पडेना. पहाटे फोन यायचा, "उठलास का?" आणि पुढे बोलणंच नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, मारवेलचे ठोंब आणून काकीच्या उतारावर परत लावायचे. पुढच्या जूनमध्ये आम्ही तिघांनी ते लावले. काकी खड्डे करायची, मी ठोंब ठेवायचो, मॅडम पायाने माती दाबत पुढे पळायच्या.

जुलैत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पनवेलला अ‍ॅडमिट केलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या सलाइन लावलेल्या हातानेही चादर चुरगाळत होत्या.

"ठोंबांनी जीव धरला का?"

"धरला," मी म्हणालो. महिनाभर मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

त्या डोळे मिटून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

सगळं उरकल्यावर मला घरात बसवेना. पाऊस पुन्हा थांबला होता. मी भर दुपारी उतार चढलो. बरेचसे ठोंब पिवळे पडले होते. वरच्या बाजूच्या दोन ओळी मात्र हिरव्या होत्या, बुडाशी ओल होती. काकी कमरेवर कळशी घेऊन धापा टाकत वर येत होती.

"बाय कंदी येणार?" तिने विचारलं.

मी सांगितलं. हॉस्पिटलात मॅडमना काय बोललो होतो, तेही सांगितलं. काकीने कळशी खाली ठेवली.

"दोन ओळींचं तरी खरंच सांगितलंस," ती म्हणाली. मग तिने कळशीतलं पाणी तिसऱ्या ओळीला घातलं आणि रिकामी कळशी माझ्या हातात दिली. विहीर खाली होती. मी उतरायला लागलो.